खोक्यावर १४४, पडद्यावर ६०

(रत्नागिरीत नाव सांगितलं की लोक आळी विचारतात आणि आळी सांगितली की घर ओळखतात. म्हणून या दोघांना नावं दिलेली नाहीत. एक शंकेखोर, दुसरा हौशी. मध्ये कुठे कंसात कुणी बोललं तर तो मी.)

शंकेखोर : मला आधी एवढंच सांग. त्या पोराने मॉनिटर घेतला १४४ हर्ट्झचा. लॅमिंग्टन रोडवरून मागवला, वाटेत फुटू नये म्हणून मामाला गाडीत मांडीवर धरून आणायला लावला. वर्षभर रोज रात्री त्याच्यावर खेळला, घरच्यांची बोलणी खाल्ली. आणि परवा तू गेलास, दोन ठिकाणी क्लिक केलंस आणि जाहीर केलंस की हा पहिल्या दिवसापासून ६०वरच चालतोय. त्याचा चेहरा उतरला, मला मात्र हसू आलं. ज्याच्यासाठी जादा पैसे मोजले ते मिळतच नव्हतं आणि मोजणाऱ्याला पत्ता नव्हता! बिघाड म्हटला की तो कुठेतरी जाणवायला हवा. डोळ्याला, कानाला, निदान हाताला. सेटिंगमध्ये शिरून आकडा वाचल्याशिवाय जो कळतच नाही त्याला बिघाड कसा म्हणायचा? मी त्याला जाहिरात म्हणतो. आधी उणीव विकायची, मग ती भरून काढणारा माल.

हौशी : जाणवत होतं हो काका. त्याला नाव देता येत नव्हतं, एवढंच. वर्षभर तो ‘गेम अडकतो’ म्हणत होता. आधी नेटवर खापर फोडलं, प्लॅन वाढवला. मग कुणीतरी रॅम सुचवली, ती घातली. मग विंडोज नव्याने टाकून झालं. ‘अडकतो’ या एका तक्रारीखाली तीन निरनिराळी दुखणी असतात आणि लोक तिन्हींना एकच औषध देतात. नेटचं दुखणं असेल तर समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो, दारातून गेलेला पुन्हा दारात उभा दिसतो, गोळी लागूनही लागत नाही. पण आपण मान फिरवली तर आपलं चित्र गुळगुळीत फिरतं, कारण ते आपल्याच मशीनवर तयार होतं. ग्राफिक्स कार्डाचं दुखणं असेल तर गर्दीत, धुरात, स्फोटात गचके बसतात, रिकाम्या आकाशाकडे बघितलं की सगळं सुरळीत. चित्राचा दर्जा खाली आणला की लगेच फरक पडतो. पडद्याचं दुखणं या दोन्हींहून वेगळं, ते सदासर्वकाळ सारखंच असतं. आकाशाकडे बघा, गर्दीत बघा, दर्जा खाली आणा, काही फरक नाही. कोपऱ्यातला आकडा सांगतो की कार्ड सेकंदाला २०० चित्रं बनवतंय. पडदा मात्र सेकंदाला ६० वेळाच बदलतो. उरलेली चित्रं एक तर वाया जातात, नाहीतर अर्धीमुर्धी तुटून एकावर एक चिकटलेली दिसतात. त्या पोराकडे हेच चाललं होतं. नेट आणि रॅमवर गेलेले पैसे मोजा, म्हणजे न कळण्याची किंमत किती ते कळेल.

शंकेखोर : पैसे वाया गेले हे कबूल. पण ६० म्हणजे काय ते तू मला सांगू नकोस, मी ते डोळ्यांनी भोगलंय. मारुती मंदिरला माझा कॅफे होता तेव्हा तू चड्डीत होतास. पंधरा इंची काचेचे मॉनिटर, विंडोज एक्सपी, शनिवारी काउंटर-स्ट्राइक आणि रविवारी क्रिकेट ०७. डेस्कटॉप मी ८५ हर्ट्झवर ठेवलेला असायचा आणि गेम सुरू केला की पडदा ६०वर. विंडोज ९८मध्ये हा जाच एवढा नव्हता. २००० आणि एक्सपीत गेमने पडदा ताब्यात घेतला की तो ६०च धरायचा, डेस्कटॉपला तुम्ही काय लावलंय ते विचारायचाही नाही. काचेच्या मॉनिटरवर ६० म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र पेटतं आणि विझतं. समोर बघताना चालून जायचं, पण नजर जरा बाजूला गेली की सगळा पडदा लवलवायचा, कारण लुकलुक डोळ्याच्या कडेला जास्त टिपली जाते. त्यात टेबलाखाली स्टॅबिलायझर! आपली वीज ५० हर्ट्झची, पडदा ६०चा. स्टॅबिलायझरचं चुंबकत्व चित्राला ओढायचं आणि त्या दोन आकड्यांतल्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला दहा, हेलकावे खात सगळ्या उभ्या रेघा थरथरायच्या. पोरं म्हणायची, मॉनिटर गेला. स्टॅबिलायझर दोन फूट लांब सरकवला की मॉनिटर बरा. मग मी विंडोजमधलं डीएक्सडायग उघडून त्यातल्या ओव्हरराइडमध्ये ८५ टाकायचो, काउंटर-स्ट्राइकच्या शॉर्टकटला मागून आकडा जोडायचो, क्वेकसाठी आणखी वेगळी कमांड. तेही बेताबेताने. तो मॉनिटर सेकंदाला ५४ हजार आडव्या रेघा ओढू शकायचा, त्याहून जास्त नाही. ८००×६००ला ८५ हर्ट्झ त्यात जेमतेम बसायचे. १०२४×७६८ला ७५ मागितले तर ६० हजार रेघा लागायच्या, मग पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’. तेव्हा ही दुरुस्ती मीही केलीय, पण गिऱ्हाईक डोळे चोळत उठायचं म्हणून केलीय. आज ६०वर कुणाचे डोळे चुरचुरतात?

हौशी : नाही चुरचुरत, कारण आजचा पडदा मध्ये विझत नाही. एलसीडीत मागचा उजेड चालूच असतो आणि पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच धरून ठेवलं जातं. लुकलुक गेली, पण तिच्या जागी दुसरं काही आलं. आपला डोळा हलत्या वस्तूमागे सलग सरकतो. पडद्यावरची वस्तू मात्र १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबते आणि मग उडी घेते. डोळा पुढे, चित्र मागे, त्यामुळे कड फासली जाते. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असेल तर ६०वर ती १६ पिक्सेल फासते, १४४वर साधारण ७. लांबच्या खिडकीत उभ्या माणसाचं डोकं पडद्यावर तेवढंच असतं. काचेच्या मॉनिटरवर हे नव्हतं, चित्र क्षणभर चमकून जायचं. म्हणून तुमच्या कॅफेतल्या ८५वर धावती गाडी आजच्या ६०पेक्षा स्वच्छ दिसायची, हे तुम्हीच कधीतरी म्हणाला होतात. प्रयोग हवा असेल तर पांढऱ्या पानावर माउसचा बाण जोरात गोल फिरवा. ६०वर बाणाच्या सुट्या सुट्या प्रती दिसतात, मध्ये मोकळी जागा. १४४वर त्या जवळजवळ येतात. नाहीतर फोनच्या स्लो-मोशनमध्ये, २४०वर, पडद्याचं चित्रण करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. ६०वर प्रत्येक चित्र चार फ्रेम टिकतं, १४४वर एक किंवा दोन. सेटिंगमधल्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. जबरदस्तीने ७५वर चढवलेले आणि मधली चित्रं गुपचूप गाळणारे मॉनिटर असतात. फोनचा कॅमेरा ती चोरी पकडतो.

शंकेखोर : तू पिक्सेल मोजतोस, मी माणसं मोजतो. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३त मुंबईला कोरोनेशनमध्ये लागला तेव्हा यंत्राला हाताने फिरवायचा दांडा होता, सेकंदाला १६च्या आसपास चित्रं. १९३२ला प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. तोच हरिश्चंद्र, तीच तारामती, पण आता आवाज आला म्हणून वेग २४वर बांधला गेला. आजही बहुतेक सिनेमे त्या २४वरच आहेत. एवढ्या वर्षांत लोक तारामतीसाठी रडले, खलनायकाला शिव्या घातल्या, उठून नाचले. चित्रं कमी पडतायत म्हणून कुणी पैसे परत मागितल्याचं मी ऐकलं नाही. आणि तू म्हणतोस, ६० पुरत नाहीत.

हौशी : त्या मंडळींनाही लुकलुक तुमच्याइतकीच छळत होती. त्यांनी तोड काढली. प्रोजेक्टरच्या उजेडापुढे पाती फिरायची. पाती तीन असली की तेच चित्र तीनदा पडद्यावर पडायचं, १६ची ४८ व्हायची. २४ झाल्यावर दोनदा, पुन्हा ४८. चित्रं किती आणि पडदा किती वेळा उजळतो हे दोन आकडे वेगळे आहेत हे मूकपटाच्या ऑपरेटरला ठाऊक होतं. आज दुकानात दोन्ही एकाच दमात सांगितले जातात आणि गिऱ्हाईक एक आकडा विकत घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसतं. पण माझं खरं उत्तर ते नाही. तुम्ही हरिश्चंद्राला डावीकडे वळवत नव्हता, हे माझं उत्तर आहे. सिनेमा नुसता बघायचा असतो. खेळात हात चालतो आणि तो चालल्याची पावती पडद्याकडून यावी लागते. माउस हलवल्यावर पुढच्या चित्रासाठी ६०वर सरासरी आठ मिलिसेकंद थांबावं लागतं, १४४वर साडेतीन. डोळ्याला गुळगुळीत दिसणं ही चैन म्हणा हवं तर. हाताला उत्तर लवकर मिळणं ही चैन नाही.

शंकेखोर : पाच मिलिसेकंद सुद्धा नाहीत. काही दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत माणसाला दोनशेच्या आसपास लागतात. वर नेट. इथून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ तुझ्या पाचांच्या कितीतरी पट, आणि पावसात वायरवर माड पडला की तेही नाही. त्या पोराच्या हारजितीत हे पाच कुठे बसवतोस? कार्ड विकणाऱ्या कंपन्या आलेख छापतात, जास्त हर्ट्झवाले जास्त जिंकतात म्हणून. अरे, जो पडद्यावर एवढा पैसा घालतो तो आधीच रात्रंदिवस सराव करणारा असतो. पडद्याने त्याला खेळाडू केलं, की खेळाडू होता म्हणून त्याने पडदा घेतला?

हौशी : आलेखाचं तुमचं बरोबर, त्यावर मी भांडत नाही. पण दोनशेत पाच किती, हा हिशेब चुकीच्या जागी मांडलाय. दोनशे समोरच्यालाही लागतात, नेटचा उशीर त्यालाही होतो. दोन्हीकडचं वजा जातं आणि उरतात ते पाच. शिवाय नेम धरणं म्हणजे एकदा दिसलं आणि दाबलं एवढंच नसतं. हात सतत दुरुस्त करत असतो, थोडं पुढे, थोडं मागे, आणि प्रत्येक दुरुस्ती किंचित शिळं चित्र बघून होते. डबलबारी भजनातला पखवाज घ्या. पावसाळी हवेने पुडी सैल पडते, सूर जरासा उतरतो. मंडपातल्या लोकांना विचारलं तर म्हणतील, आम्हाला काही फरक नाही. बुवाला पहिल्याच गजराला कळतं आणि रात्रभर तो त्या उतरलेल्या सुराशी झटत गातो. तुम्ही खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून बघता, म्हणून तुम्हाला ६० पुरतात.

शंकेखोर : पाठीमागे उभा, हे खरं. कॅफेवाला जन्मभर पाठीमागेच उभा असतो. पण बुवाला कळतं म्हणालास ना? मग तुझ्या पोराला वर्षभर का कळलं नाही? तो मंडपात बसला नव्हता, तोच गात होता. ‘अडकतो’ म्हणत होता म्हणशील, पण ‘अडकतो’ सगळेच म्हणतात, ज्यांचं काही अडकलेलं नाही तेही. बरं, ते घटकाभर राहू दे. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मॉनिटर १४४चा. कार्ड १४४ द्यायला समर्थ. मग हरवलं कुठे? आणि हरवलं हे कुणी बोललं कसं नाही?

हौशी : हरवायच्या जागा पुष्कळ आहेत. हास्यास्पद जागा आधी सांगतो. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचा पोर्ट असतो, वायर तिथे खोचलेली आणि महागडं कार्ड खाली रिकामं बसलेलं. तेव्हा सगळाच गेम रखडतो, तरी तसेच वर्षानुवर्षं खेळणारे आहेत. ते सुटलं की वायर. खोक्यात आलेली वायर आखूड पडते म्हणून टीव्हीमागची जुनी एचडीएमआय लावतात. एचडीएमआय १.४च्या पोर्टातून १९२०×१०८०ला १२० हर्ट्झ जातात, १४४ला त्याची दमछाक होते. बऱ्याच मॉनिटरांचा एचडीएमआय पोर्ट कमी आकड्याचा आणि डिस्प्लेपोर्ट पूर्ण आकड्याचा असतो, आणि खोक्यावर छापतात तो मोठा आकडा. मध्ये व्हीजीएचा कन्व्हर्टर किंवा स्प्लिटर आला तर आणखी घोळ. जोडणी होताच मॉनिटर संगणकाला स्वतःची माहिती पाठवतो, मी एवढा, मला हे हे वेग झेपतात. ती माहिती वाटेत अडली की संगणक समोरच्याला अगदी साधा मॉनिटर समजतो आणि ६० देऊन मोकळा होतो.

आता आपल्याकडची खास जागा. मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा, समुद्राला लागून घर असलं की खाऱ्या हवेने पिना कळकतात. डिस्प्लेपोर्टची रीत अशी की चित्र सुरू व्हायच्या आधी दोन्ही टोकं आपसात चाचणी घेतात आणि सिग्नल स्वच्छ पोचत नसेल तर वेग एक पायरी खाली आणतात. चित्र येतं, छान येतं, फक्त यादीतून १४४ गेलेले असतात. वायर काढून पिना आयसोप्रोपिलने पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, पुन्हा खोचायची, १४४ परत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम.

आणि एवढं सगळं धड असलं तरी विंडोज असतंच. नवा मॉनिटर जोडला की ते बऱ्याचदा ६० धरून बसतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे जाऊन आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. एनव्हीडियाच्या पॅनलमध्ये तर रिझोल्यूशनची यादी दोन मजली. वर टीव्हीचे आकार, खाली स्क्रोल केलं की ‘पीसी’ असं लिहिलेले. १९२०×१०८० दोन्ही मजल्यांवर आहे. वरचा निवडला की पुढच्या चौकटीत बहुधा ६०पर्यंतच आकडे येतात, खालचा निवडला की १४४ दिसू लागतो. त्या पोराने वरचा निवडला होता. बाकी काही नाही. मग गेम स्वतः. फुलस्क्रीनमध्ये तो आपल्या फाइलीत जपलेला जुना ६० लावतो, बॉर्डरलेस विंडो केलं की डेस्कटॉपचा घेतो. आणि पुष्कळ लॅपटॉप वीज गेली की बॅटरी वाचवायला आपण होऊन ६०वर उतरतात, त्यामुळे जूनपासून लॅपटॉपवाल्यांचे फोन वाढतात.

(मला विचाराल तर हौशी इथे जिंकता जिंकता हरतोय. एवढी यादी पाठ असलेला माणूस घरी बोलवावा लागतो, ही शंकेखोराच्या बाजूची साक्ष झाली. पण शंकेखोराने ती वापरली नाही.)

शंकेखोर : म्हणजे पोर्ट, वायर, मॉनिटर, विंडोज, कार्डाचं पॅनल, गेम. एवढ्या जणांनी मिळून सगळ्यांत हळू जो असेल त्याच्या चालीने चालायचं ठरवलं आणि मालकाला कळवलं नाही. माझ्या काचेच्या मॉनिटरला निदान तोंड होतं. झेपलं नाही की ‘आउट ऑफ रेंज’ लिहून काळा व्हायचा. गिऱ्हाईक बोंबलायचं, मी धावायचो, पाच मिनिटांत निदान. तुझा नवा मॉनिटर फार सभ्य. जे झेपत नाही ते गुपचूप सोडून देतो आणि हसतमुखाने ६० दाखवतो. ही सभ्यता मला नको. माहिती पाठवतो म्हणालास ना? म्हणजे त्या पोराच्या विंडोजला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की समोरचा १४४चा आहे. एका ओळीत सांगायला काय झालं होतं, की बाबा रे, याला याहून जास्त येतं? यात तू म्हणतोस तसा बिघाड असेल तर तो ६०चा नाही. न सांगण्याचा आहे.

हौशी : आता तुम्ही माझ्याही पुढे गेलात! पण पडदा काळा राहिला तर मॉनिटर दुकानात परत येतो, हेही बघा. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना बिलं करायची असतात, पोरांचे अर्ज भरायचे असतात. चित्र आलं की त्यांचं काम झालं. म्हणून सगळ्यांना समजेल असा एक आकडा धरून ठेवलाय. तो तरी आला कुठून? अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, त्यावर त्यांचा टीव्ही. १९५३त त्यांच्या टीव्हीत रंग आला तेव्हा सोयीसाठी त्याचे ५९.९४ केले. ते ५९.९४ आजही इथल्या विंडोजच्या यादीत ‘५९’ म्हणून उगवतात आणि लोक मला फोन करतात, माझा एक हर्ट्झ कुठे गेला? आपली वीज ५०ची, आपला टीव्ही ५०चा, आणि संगणक मात्र अमेरिकेच्या विजेच्या तालावर. तुमचा ‘आउट ऑफ रेंज’ही वाया गेलेला नाही. विंडोजने नवा वेग लावला की ते १५ सेकंद थांबतं, विचारतं, ठेवू का? उत्तर आलं नाही तर जुन्यावर परत येतं. काळ्या पडद्यावर माणूस सेटिंग कसं बदलणार, हे त्यांना तुमच्यासारख्या कॅफेवाल्यांच्या शिव्यांतूनच कळलं असणार.

आणि एक पुरावा तुमच्या बाजूचा, फुकट देतो. वेग वाढला की चांगलंच होतं असंही नाही. ‘डार्क सोल्स २’च्या पीसीवरच्या आवृत्तीत सेकंदाला ३०ऐवजी ६० चित्रं झाली की तलवार दुप्पट वेगाने झिजायची, कारण झीज चित्रामागे मोजली होती. ‘स्कायरिम’ ६०च्या वर नेलं की टेबलावरची भांडी कुणी हात न लावता उडायची. ‘क्वेक ३’मध्ये १२५ चित्रांना उडी उंच जायची, म्हणून लोक मुद्दाम १२५ ठेवायचे. उलटंही होतं. व्हीसिंक चालू असताना, म्हणजे चित्र पडद्याच्या ठोक्यालाच द्यायचं ठरलं असताना, कार्डाला १६.७ मिलिसेकंदांची गाडी केसभर चुकली की ते पुढच्या गाडीला थांबतं आणि ६०चे एकदम ३० होतात. त्यावर २०१३त जीसिंक आलं, मग फ्रीसिंक. आता पडदाच कार्डासाठी थांबतो. त्यामुळे ‘माझा मॉनिटर किती हर्ट्झचा’ याचं उत्तर खेळता खेळता बदलत राहतं. खोक्यावर छापतात ती नुसती वरची मर्यादा.

शंकेखोर : हे तू दुकानात उभं राहून बोललास तर दुकानदार तुला चहा द्यायचा नाही. असो. आता त्या पोराकडे ये. तू त्याला १४४ लावून दिलेस. आता त्याला ६० बघवत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये बसला की म्हणे बाण तुटक दिसतो. काल माझ्याकडे प्रिंट काढायला आला तर म्हणाला, काका, तुमचा पडदा ओढल्यासारखा चालतो. वर्षभर जे त्याला एका ठिकाणी दिसत नव्हतं ते आता गावभर दिसतंय. तू त्याचं दुखणं काढलंस की नवं लावलंस? उद्या तो कुणाकडे तरी २४० बघेल. तिथे मिळणार किती? ६.९ मिलिसेकंदांचे ४.२. ६०वरून १४४ला जाताना दहाच्या आसपास वाचले, इथे तीनही नाहीत. पायऱ्या बुटक्या होत जातात, किमती उंच. आणि प्रत्येक पायरीवर खालची पायरी नासते.

हौशी : खालून वर जाताना कळत नाही, वरून खाली येताना लगेच कळतं, हे मलाही दिसलंय. पण माझ्या मते डोळा टिपतो याचा तोच पुरावा. नुसती जाहिरात असती तर खाली येतानाही कळलं नसतं. त्याला लॅबमध्ये कुणी आकडा सांगितला नव्हता.

शंकेखोर : तो पुरावा सवयीचा. पंधरा दिवस त्याला पुन्हा ६०वर बसव, ६० दिसेनासे होतील. वर्षभर दिसत नव्हते ते त्यामुळेच. फरक पडतो त्या घडीला दिसते आणि फरक थांबला की नाहीशी होते, अशी उणीव कुणाच्या खात्यावर लिहायची? पडद्याच्या, की आधी दुसरं काही दाखवणाऱ्याच्या?

हौशी : तोंडी हे सुटायचं नाही. प्रयोग करू. त्याला न सांगता काही दिवस ६०, काही दिवस १४४, कधी बदलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दिसतं का असं विचारायचंच नाही, तुमचा सगळा आक्षेप दिसण्यावर आहे. सरावाच्या मैदानात नेम किती लागले तेवढे मोजायचे. हात काय म्हणतो ते बघू. नेमात फरक पडला नाही तर मी मान्य करीन की त्याच्यापुरते १४४ शोभेचे.

शंकेखोर : आणि पडला तर मी काय मान्य करायचं? नेम सुधारला, एवढंच. पोरगं वर्षभर मजेत खेळत होतं त्याचं काय करायचं ते उरतंच. पण ते पुढचं. त्या पोरावर हा प्रयोग आता होणार नाही. सेटिंग कुठे असतं ते तूच त्याला शिकवलंस. हल्ली तो गेम उघडायच्या आधी आकडा बघतो आणि मग खुर्चीत टेकतो.

हौशी : मग दुसरा शोधू. १४४ घेऊन ६०वर खेळणारी पोरं या गावात सापडतील.

शंकेखोर : सापडतील. पण सापडला की तू आधी काय करशील ते मला ठाऊक आहे. त्याचं सेटिंग दुरुस्त करशील.

हौशी : करीन. माहीत असून एखाद्याला प्रयोगापुरतं ६०वर ठेवायचं, हे मला जमायचं नाही. तुम्हाला जमेल?

शंकेखोर : सहज. माझ्या मते त्याचं काहीच जात नाही.

हौशी : म्हणजे प्रयोगाचं उत्तर तुम्ही आधीच धरून बसलात.

शंकेखोर : आणि तू नाही? धरलं नसतंस तर त्या सेटिंगकडे जाणारा हात तुला आवरता आला असता.